ओस्मोची एकोणीस शिखरं

प्राध्यापक ओस्मो तालविनेन आठवड्याचे चार दिवस विज्ञानाबद्दल बोलायचा आणि शुक्रवारी दुपारी विज्ञान करायचा. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. सोमवार ते गुरुवार समित्या, अनुदानाचे अर्ज, हेलसिंकीतल्या मेजवान्या आणि विमानतळ. शुक्रवारी जेवण झालं की स्वारी बूट काढून, करडे लोकरी मोजे घालून वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत यायची. तोंडात खारट ज्येष्ठमधाची काळी गोळी घोळत असायची. दारातूनच तो म्हणायचा, "चला, आता जरा हातानं विज्ञान करू."

हातानं म्हणजे साइमीच्या हातानं. तो बटण दाबायचा.

साइमी त्याची विद्यार्थिनी. उत्तरेकडच्या कायानीची, शाळामास्तरणीची मुलगी, कमी बोलणारी आणि बोलली तर झोंबणारी. चार वर्षं ती सोन्याचे कण बनवत होती. इतके बारीक, की एका कणात मोजून दीड-दोनशे अणू. असे कण मोकळे सोडले की एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर गंधकाच्या लांबशेपट्या रेणूंचा तेलकट अंगरखा चढवायचा. त्या रेणूंना सडलेल्या कांद्याचा वास. तो केसांत बसतो, कोटात बसतो, आंघोळीनं जात नाही. बसमध्ये साइमीच्या शेजारची जागा कायम रिकामी असायची. फिनलंडमध्ये तशीही ती रिकामीच असते, त्यामुळे तिला हे कळायलाच वर्ष गेलं.

या कणांची गंमत अशी, की त्यांना वीज घोटाघोटानं प्यावी लागते. एक इलेक्ट्रॉन आत बसला, की पुढच्याला आत ढकलायला ठरावीक जोर जास्त लावावा लागतो. त्याच्या पुढच्याला आणखी तेवढाच. म्हणून व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं आणि विजेचा आलेख काढला, तर सारख्या अंतरावर एकामागून एक शिखरं यायला हवीत. एक शिखर, एक इलेक्ट्रॉन. अट एकच, सगळे कण अगदी एका मापाचे हवेत. थोडे लहान-मोठे मिसळले, की शिखरं एकमेकांत मिसळून नुसता चिखल. साइमीची चार वर्षं कण चाळण्यात, धुण्यात आणि पुन्हा चाळण्यात गेली होती.

मंगळवारी-बुधवारी ती स्वतः मोजायची तेव्हा तिला चार शिखरं मिळायची. बुटकी, पण चार.

"या पुटकुळ्या आहेत," ओस्मो म्हणायचा. "माझी बघ."

त्याची शुक्रवारची. एकोणीस! उभी, टोकदार, कवायतीला उभ्या केलेल्या शिपायांसारखी एका अंतरावर. जगात कुणाला एवढी मिळाली नव्हती. हा आलेख घेऊन ओस्मो अर्धं जग फिरला. त्यानं तो मगांवर छापला, आपल्या टायवर विणून घेतला. शुक्रवारीच का? तर त्याचंही त्याच्याकडे शास्त्र होतं. "शुक्रवारी दुपारी इमारत रिकामी असते. लिफ्ट बंद, पंप बंद, कुणाची यंत्रं चालू नाहीत. विजेच्या तारांत चिडीचूप. अशा शांततेत मोजायला धीर लागतो, साइमी. तो तुम्हा तरुणांकडे नाही."

इमारतीतली मंडळी शुक्रवारी खरोखरच सगळं बंद करून जायची. एक सोडून. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे विभागाची सौना होती, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली. मुद्दाम वरच्या मजल्यावर बांधलेली, म्हणजे घाम गाळताना खाडी दिसावी. दुपारी बारा वाजता तिची वीजभट्टी सुरू व्हायची आणि चारपासून बायकांची वेळ असायची. पण सौनाला यंत्र म्हणायचं कुणाच्या डोक्यात येणार? फिनलंडचा माणूस सख्ख्या आईवर संशय घेईल, सौनावर नाही. ओस्मो तर सौनाचा भगतच. परदेशातल्या ज्या प्रयोगशाळेशी दोस्ती व्हायची तिला तो फिनिश वीजभट्टी भेट पाठवायचा, दगडांसकट. स्वीडनला एक गेली होती, डेन्मार्कला एक, हॉलंडला एक. आणि योगायोग असा की, ओस्मोच्या शिखरांना दुजोराही स्वीडन, डेन्मार्क आणि हॉलंडनंच दिला होता.

साइमीचा प्रबंध याच एकोणीस शिखरांवर उभा होता. पहिल्या पानापासून दीडशेव्या पानापर्यंत ओस्मोचा आलेख आणि ओस्मोचा सिद्धांत. तिची चार शिखरं त्यानं अगदी मागे, परिशिष्टात ढकलली होती. "गिऱ्हाईक नसलेला माल," म्हणाला होता. तिनं ऐकून घेतलं. नोव्हेंबरात एका मंगळवारी, रिवाजाप्रमाणे, तिनं प्रबंधाची छापील प्रत विद्यापीठाच्या लाकडी फळ्यावर हातोडीनं ठोकली. टाळ्या झाल्या. एकदा का खिळा बसला की प्रबंध जगाचा झाला, त्यातलं अक्षर बदलता येत नाही. ज्याला वाचायचा त्यानं यावं, वाचावं आणि चूक सापडली तर जाहीर परीक्षेच्या दिवशी उभं राहावं. अर्थात, कोणी वाचत नाही. फळा भरला की शिपाई जुन्या प्रती उपटून टाकतो.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी साइमी परीक्षेची तयारी करत होती. कोणी विचारलंच तर हाताशी असावा म्हणून एक जास्तीचा आलेख तिला हवा होता, तेच मोजमाप पण निम्म्या वेगानं. इलेक्ट्रॉनला वेगाशी कर्तव्य नसतं. तुम्ही व्होल्टेज भरभर वाढवा की सावकाश, त्याचं शिखर जिथल्या तिथेच येणार. ओस्मो विमानात होता, तेव्हा बटण तिनंच दाबलं.

शिखरं दुप्पट आली. अडतीस, आणि अंतर निम्मं.

साइमीनं यंत्राच्या सगळ्या जोडण्या काढून पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. मग तिनं कणांची बाटली बाजूला ठेवली, काचेचं भांडं धुतलं, त्यात नुसतं द्रावक आणि मीठ घातलं. सोन्याचा कणसुद्धा नाही. बटण दाबलं आणि पडद्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली, कारण बघायची भीती वाटत होती. वळली तेव्हा शिखरं उगवत होती. उभी, टोकदार, सारख्या अंतरावर.

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि रागावलेला फिनिश माणूस जे करतो तेच तिनं केलं. यंत्र तसंच चालू ठेवून ती टॉवेल घेऊन सौनात गेली.

बायकांच्या वेळेला त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. ती वरच्या फळीवर बसली, दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि डोळे मिटले. भट्टीच्या पोटातून आवाज आला, टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. भट्टी तापली की वीज तोडते, निवली की जोडते. सगळ्याच भट्ट्या करतात. हा आवाज ती लहानपणापासून ऐकत आली होती. म्हणूनच तिनं तो कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या टकला ती उठली. टॉवेल गुंडाळून, ओल्या पावलांनी, अंगातून वाफा निघत असताना ती प्रयोगशाळेत शिरली आणि मधलं दार उघडं टाकून पडद्यासमोर उभी राहिली. टक्, आणि शिखर. टक्, आणि शिखर. गारठून दात वाजायला लागले तरी ती हलली नाही. जगातल्या सर्वांत शांत मोजमापाची घंटा भिंतीपलीकडून ठोकली जात होती, आणि चार वर्षं तिचा गुरू प्रत्येक ठोक्याला टोपी काढून म्हणत होता, आला एक इलेक्ट्रॉन!

सोमवारी ती ओस्मोच्या खोलीत गेली. तिकडे प्राध्यापकालाही नावानंच हाक मारतात आणि तूच म्हणतात, त्यामुळे भांडणाला सुरुवात करायला वेळ लागत नाही.

"ओस्मो, ती शिखरं सोन्याची नाहीत."

"मग कशाची?"

"सौनाची."

तिनं आलेख त्याच्यापुढे मांडले. निम्म्या वेगाचा, बिनसोन्याचा आणि भट्टी बंद ठेवून रविवारी पुन्हा बिनसोन्याचाच काढलेला, ज्यात नुसती सपाट रेघ होती. ओस्मोनं तोंडातली गोळी या गालातून त्या गालात नेली. त्यानं आलेखांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग भिंतीवरच्या मानपत्राकडे पाहिलं.

"साइमी, माझी आजी सौनात जन्मली. मेल्यावर तिला शेवटची आंघोळही सौनातच घातली. आणि तू सौनाला बोल लावतेस?"

"सौनाला नाही. बटण दाबणाऱ्याला."

"तीन देशांनी दुजोरा दिलाय!"

"त्यांच्याकडे काय झालं ते मला माहीत नाही. आपल्याकडे काय झालं ते हे समोर आहे."

ओस्मो तिला कॉफी ओतायला लागला. तो कॉफी ओतायला लागला की समजावं, आता कुणाचा तरी गळा कापला जाणार.

"नीट ऐक," तो म्हणाला. "प्रबंध ठोकलाय. ठोकलेला खिळा उपटत नाहीत. आत्ता तू बोललीस, तर परीक्षा रद्द, पदवी गेली, चार वर्षं पाण्यात. जानेवारीपासून तुला इथे नोकरी देतोय, तीही गेली. माझं काय, मी निवृत्तीला आलोय. मी तुझ्यासाठी सांगतोय. आधी पदवी पदरात पाडून घे. मग वसंतात आपण एक छोटीशी दुरुस्ती छापू. बारीक अक्षरात."

"किती बारीक?"

"वाचता येणार नाही इतकी नाही." तो हसला. "आणि हो, फोल्केला ताजं मोजमाप बघायचंय. या शुक्रवारी घेऊन ठेव. नेहमीच्या वेळी."

"सौना चालू असताना?"

"सौना शुक्रवारी चालूच असते," ओस्मो म्हणाला, आणि यात काही विशेष आहे असं त्याला खरोखरच वाटलं नाही.

फोल्के आल्मग्रेन म्हणजे स्वीडनचा प्राध्यापक. जाहीर परीक्षेतला प्रतिवादी म्हणून ओस्मोनं त्यालाच बोलावलं होतं. प्रतिवादीचं काम प्रबंधावर हल्ला करायचं. पण फोल्केच्या स्वतःच्या लेखात सतरा शिखरं होती. चोराच्या घरी चोर पाहुणा, तो कुलपाची चौकशी कशाला करील?

साइमी दाराशी पोचली, तेव्हा ओस्मोला आणखी एक आठवलं. "रात्रीच्या जेवणाचं भाषण लिहिलंस का? क्रम चुकवू नकोस. आधी प्रतिवादीचे आभार, मग माझे, मग घरच्यांचे. ज्याचे आभार तू मानशील तोच उठून उत्तर देतो, आणि त्याच क्रमानं. आमच्या वेळी एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचं नाव राहून गेलं होतं. बिचाऱ्यानं लिहून आणलेलं भाषण माशाबरोबर गिळलं. रिवाज म्हणजे रिवाज."

"लक्षात ठेवीन," साइमी म्हणाली.

ती शूर नव्हती. आठवडाभर ती गप्प राहायच्याच बाजूची होती. पदवीसाठी तिनं चार हिवाळे त्या कांद्याच्या वासात काढले होते; आईनं कायानीत गावभर सांगून ठेवलं होतं; आणि अखेर कोणाचं काय बिघडणार होतं? सोन्याच्या कणाला किती इलेक्ट्रॉन मावतात यावरून कोणी मरत नाही. हे सगळं तिनं स्वतःला पढवलं. पण प्रत्येक वेळी शेवटी तिच्या डोळ्यांपुढे परिशिष्टातली ती चार बुटकी शिखरं यायची. रविवारी भट्टी गार असताना तिनं त्यांनाही पुन्हा तपासलं होतं. भरभर, सावकाश, त्याहून सावकाश. ती हलली नव्हती. तिनं चाळलेल्या, धुतलेल्या, एका मापाच्या कणांनी खरोखरच एकेक करून चार इलेक्ट्रॉन घेतले होते. एकोणीस खरी मानली तर ही चार पुटकुळ्याच राहणार होती, कायमची. हे तिला सहन होईना.

शुक्रवारी तिनं नेहमीच्या वेळी मोजमाप घेतलं. भांड्यात नुसतं द्रावक आणि मीठ. त्याचं काय करायचं हे तिनं अजून ठरवलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सभागृह निम्मं भरलं होतं. साइमीच्या अंगावर काळा पोशाख, मागून अध्यक्ष म्हणून ओस्मो, त्याच्यामागे प्रतिवादी फोल्के. दोघांच्या हातात डॉक्टरकीच्या उंच काळ्या टोप्या, त्या त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एरवी एकमेकांना तू म्हणणारी माणसं या दिवशी आपण-आपण करतात. तिसऱ्या रांगेत साइमीची आई हिल्क्का बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून, वर्गावर लक्ष ठेवल्यासारखी.

फोल्केनं तासभर जो हल्ला चढवला तो मांजरानं दुधावर चढवावा तसा. अमुक पानावर स्वल्पविराम हवा होता का, तमुक संदर्भात साल चुकलंय का. प्रत्येक प्रश्नानंतर तो ओस्मोकडे बघून गोड हसायचा. शेवटी म्हणाला, "आता ताजं मोजमाप पाहू या का? सर्वांनाच उत्सुकता असेल."

साइमीनं पारदर्शिका पुढे सरकवली. पडद्यावर एकोणीस शिखरं उभी राहिली.

"वा!" फोल्के खुर्चीतून उठला. पडद्याजवळ गेला, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं एकेक शिखर जवळून न्याहाळलं. "अध्यक्ष महोदय, इतकं स्वच्छ काम मी आजवर पाहिलं नाही. प्रबंधातल्यापेक्षाही सरस! दोन शिखरांमधल्या दऱ्या किती खोल आहेत बघा. हे कण अत्यंत शुद्ध असले पाहिजेत. आपण या खेपेला कणांमध्ये नेमका काय बदल केलात, सांगाल का?"

सरळ प्रश्न होता, आणि या प्रश्नाचं खरं उत्तर एकच होतं.  साइमीनं टेबलाची कड धरली.

"कण काढून टाकले," ती म्हणाली.

"म्हणजे... त्यांचं वेष्टन काढलंत?"

"नाही. कणच. या भांड्यात सोनं नाही. द्रावक आहे आणि मीठ आहे."

फिनलंडमध्ये सभागृह शांत होणं ही बातमी नव्हे. पण ही शांतता वेगळी होती. लोक श्वास घ्यायलाही लाजत होते.

"उमेदवार दमलेल्या आहेत," ओस्मो घाईनं उठत म्हणाला. "कॉफीसाठी थोडा वेळ—"

"अध्यक्षांना परीक्षेत बोलता येत नाही," फोल्के सवयीनं बोलून गेला, आणि मग आपण काय थांबवलं ते त्याच्या लक्षात आलं. पण आता उशीर झाला होता.

साइमीनं सांगायला सुरुवात केली. निम्मा वेग, अडतीस शिखरं, भट्टीचं टक्, रविवारची सपाट रेघ. जास्त शब्द तिच्याकडे नव्हतेच. बोलून झालं तेव्हा फोल्केचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला होता.

"पण... पण आमच्याकडेही आली ती," तो म्हणाला. "सतरा. आमच्या प्रयोगशाळेत. स्वतंत्रपणे!"

"आपल्या इमारतीत सौना आहे का?" साइमीनं विचारलं. तिला आता खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

फोल्केनं ओस्मोकडे पाहिलं. ओस्मो आपल्या टोपीकडे पाहत होता.

"आहे," फोल्के म्हणाला. "तळघरात. आम्ही ती... म्हणजे भट्टी भेट आली होती. दगडांसकट."

"आणि त्याआधी किती शिखरं यायची?"

"त्याआधी एकही नाही. त्याआधी आमचे कण अशुद्ध आहेत असं आम्हाला वाटायचं."

तिसऱ्या रांगेतून 'फ्स्स्' असा आवाज आला. शाळामास्तरीण हिल्क्कानं तीस वर्षं मुलांना वर्गात हसू नका म्हणून सांगितलं होतं. तिनं रुमाल तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. मग मागची रांग हसली, मग त्याच्या मागची. तीन देश, किती विमानं, किती मग आणि एक टाय, सगळं एका न्हाणीघराच्या बटणावर चाललं होतं.

फोल्के मात्र हसला नाही. तो खाली बसला. "मग या प्रबंधात उरलं काय?" त्यानं विचारलं. यावेळी आवाजात गोडवा नव्हता. आज पहिल्यांदाच त्यानं प्रश्न विचारला होता.

"परिशिष्ट," साइमी म्हणाली.

तिनं खडू घेतला आणि फळ्यावर चार बुटकी शिखरं काढली. "ही मंगळवारी येतात आणि रविवारीही येतात. वेग बदला, हलत नाहीत. भट्टी पार गार असतानाही येतात. चारच आहेत. पण सोन्याची आहेत."

फोल्केनं प्रबंध उघडला, पार मागे गेला आणि सगळ्यांच्या देखत परिशिष्ट वाचायला लागला. पानं एकमेकांना चिकटलेली होती; ती त्याला नखानं सोडवावी लागली. सभागृह वाट बघत बसलं. वाचून झाल्यावर तो उठला.

"हे मी वाचलं नव्हतं," तो म्हणाला. कुठल्या प्रतिवादीनं आजवर जाहीरपणे एवढं कबूल केलं असेल असं वाटत नाही. "पहिली दीडशे पानं जाळावीत. माझा स्वतःचा लेखही त्याच शेकोटीत टाकावा. या परिशिष्टासाठी मी पदवीची शिफारस करतो. प्रतिवादीचं काम उमेदवारांनीच केलं, तेव्हा मला आणखी काही बोलायचा अधिकार नाही."

मग साइमी रिवाजाप्रमाणे श्रोत्यांकडे वळली आणि ठरलेलं वाक्य म्हणाली, की या प्रबंधाविरुद्ध ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी अध्यक्षांकडे परवानगी मागावी. कोणी मागितली नाही. म्हणायचं शिल्लकच काय होतं?

बाहेर कॉफी आणि सामन माशाचा खारा केक मांडला होता. साइमीच्या हातात कप बशीवर वाजत होता. तेवढ्यात ओस्मो तिच्या कोपराशी आला. ती शिव्यांची तयारी करून होती. पण ओस्मोचे डोळे चमकत होते.

"तू सगळा तमाशा केलास, ते मी विसरायला तयार आहे," तो हळूच म्हणाला. "कारण हे मोठं घबाड आहे, साइमी! विचार कर, जगात जेवढ्या प्रयोगशाळा या विषयावर काम करतायत, त्या सगळ्यांच्या मोजमापात हा दोष असू शकतो. सौना-परिणाम! आपण शोधलाय तो. मी लेखाचा आराखडा केला मनात. माझं नाव आधी, तुझं नंतर. संध्याकाळी जेवणात जाहीर करतो." त्यानं खिशावर थोपटलं. तिथे कागदी रुमालावर टिपणं तयार होती.

"आपण?" साइमीनं विचारलं.

"अर्थात आपण! प्रयोगशाळा कुणाची? भट्टी कुणी बसवली?"

हे शेवटचं खरंच होतं.  साइमीनं केकचा तुकडा घेतला. तो माणूस लाजेनं मरेल अशी तिची अपेक्षा होती, आणि त्यानं तर लाजेलाच कामाला जुंपलं होतं. तिला सकाळपासून जी भीती होती ती त्या क्षणी गेली. उरला निव्वळ तिरस्कार, आणि त्यानं हात थरथरत नाहीत.

जेवण वरच्या मजल्यावरच्याच मोठ्या खोलीत ठेवलं होतं, सौनाला लागून. फोल्के येणार म्हणून भट्टी दुपारपासून तापवलेली. लोक काळ्या कपड्यांत, उभ्या पाठीनं टेबलाशी बसले. मासा झाला, हरणाचं मांस झालं. मग साइमी उठली. रिवाजाप्रमाणे उमेदवार उठेपर्यंत कोणी भाषण करत नाही, आणि ती कुणाचं नाव घेते ते लोक बोटावर मोजत राहतात.

"प्रतिवादी फोल्के आल्मग्रेन यांचे आभार," ती म्हणाली. "त्यांनी परिशिष्ट वाचलं. उशिरा वाचलं, पण वाचलं."

ओस्मोनं ग्लास वाजवून उठायला चमचा हातात घेतला, पुढच्या नावाच्या तयारीनं. गळ्यातला एकोणीस शिखरांचा टाय त्यानं आता काढून ठेवला होता.

"माझ्या आईचे आभार. मोजताना लबाडी केली तर ती कान पिरगळायची."

चमचा जरा खाली आला.

"आणि शेवटी, भिंतीपलीकडच्या भट्टीचे आभार. या इमारतीत चार वर्षं खरं तीच एकटी बोलत होती. आपण तिचं ऐकायला हवं होतं."

आणि ती खाली बसली.

टेबलभर लोकांनी मनात पुन्हा मोजलं. एक, दोन, तीन. ओस्मोचं अर्धं अंग खुर्चीतून वर आलं होतं आणि हात खिशात होता. त्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. जमीन दुभंगली तरी ही माणसं जेवणाचा क्रम मोडत नाहीत, आणि हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

आधी फोल्के उठला. दोन वाक्यं बोलला, त्यातल्या एकात क्षमा मागितली. मग हिल्क्का उठली. "मी कान पिरगळला तो एकदाच," ती म्हणाली, "आणि तेव्हा चूक माझी होती. तिची बेरीज बरोबर होती." ती बसली आणि तिनं टेबलाखाली लेकीचा हात धरला. त्या हाताला अजून कांद्याचा वास येत होता.

आता तिसरी पाळी भट्टीची. सगळे गप्प राहिले. ओस्मो अजून अर्धवट उभाच होता, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात तो कागदी रुमाल.

भिंतीपलीकडून आवाज आला, टक्.

फोल्केनं भट्टीच्या दिशेनं ग्लास उंचावला, मग साऱ्या टेबलानं उंचावला. भाषणं संपली. ओस्मो खाली बसला, आणि कॉफी आली तेव्हा त्यानं त्याच रुमालानं तोंड पुसलं.